बिनसनदेचा वकील

वकील कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेला की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि घरच्या कर्त्या माणसाला विचारायचा, "हे खरं बोलतं का?" बहुतेक लोक हसायचे, काहींना राग यायचा. आमच्या घरी त्याने हा प्रश्न माझ्या वडिलांना विचारला तेव्हा मी दाराशी उभा होतो. नाना आता याला उंबऱ्याबाहेर काढणार अशी माझी खात्री होती. खरं तर आशा होती. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. मी सकाळी पुढे सरकवतो." वीस वर्षं त्या घड्याळाखाली मी जेवलो, झोपलो, मार खाल्ला. ते मागे पडतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याचं खरं नाव यशवंत. पालीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, एका वाडीत त्याचं घर. आई तिथे एकटी. वडील मुंबईला गिरणीत गेले ते तिकडचेच झाले. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता. पण बांधावरून आणि फणसाच्या फांदीवरून पिढ्यानपिढ्या दावे चालवणाऱ्या आमच्या मुलखात उलटतपासणी म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि हा माणूस वस्तूंची उलटतपासणी घ्यायचा. दूधवालीचं माप वाण्याच्या मापात ओतून बघायचा. वाण्याची वजनं पोस्टातल्या काट्यावर घालायला मागायचा. पोस्टमास्तरांनी हाकललं की शेजारी तारऑफिसात जाऊन, तारेनं आलेली वेळ आणि कचेरीतले ठोके जुळतात का ते विचारायचा. "एका साक्षीवर कोणाला फाशी देत नाहीत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. नानांनीच त्याला वकील म्हणायला सुरुवात केली. नानांनी कोणाला लाडाने नाव ठेवल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला ते बाळकृष्ण अशी पूर्ण हाक मारत, तीही बहुधा रागावले की.

नाना किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटींवर इंजिन ड्रायव्हर होते. बॉयलरच्या धडधडीने त्यांचा डावा कान गेला होता आणि बोलणंही जवळजवळ त्याच्याबरोबरच गेलं होतं. बोटीवरून उतरून ते घरी बसले, त्याच सुमारास, म्हणजे तिसाच्या पुढेमागे, मुंबईच्या एका व्यापाऱ्याने राजिवड्याच्या वरच्या अंगाला, खाडी दिसते अशा जागी, आंब्याचा रस डब्यात भरायचा कारखाना काढला. यंत्रांची देखरेख नानांकडे आली. हाताखाली दोन शिकाऊ घ्यायची परवानगी होती. एक जागा माझी, हे मी धरूनच चाललो होतो. दुसरीवर वकील आला. शिक्षणात आम्ही बरोबरीचे. दोघेही एकाच वर्षी मॅट्रिक नापास. मी निकालानंतर चार दिवस माडीवरून खाली उतरलो नाही. हा त्याच संध्याकाळी शाळेत जाऊन गणिताच्या मास्तरांना विचारून आला, की पेपर एकट्याने तपासतात की दोघांनी.

काम ऐकायला सोपं होतं. बायका हापूस कापून रस काढून देत. तो दुहेरी तळाच्या मोठ्या तांब्याच्या कढईत ओतायचा. दोन तळांच्या मधल्या पोकळीत वाफ सोडायची. रस नेमका तापला की डब्यात भरायचा, झाकण बसवायचं आणि डबे गरम पाण्याच्या टाकीत ठरलेला वेळ ठेवायचे. अवघड होतं ते 'नेमका' या शब्दात. रस जास्त तापला तर काळवंडतो आणि हापूसचा वास जाऊन गुळाचा येतो. कमी तापला तर डबा दिसतो छान, पण महिन्याभराने पोटात वारा धरल्यासारखा फुगतो. मधली वाट दोन-चार अंशांची. कढईला तबकडीचा थर्मामीटर, वाफेच्या नळाला दाबाचं गेज, आणि या दोन काट्यांच्या मधे वाफेच्या कॉकवर, म्हणजे तोटीवर, माणसाचा एक हात. त्या हाताला शहाणं करायचं, एवढंच आमचं शिक्षण.

पहिल्या दिवशी नानांनी मला कॉकवर उभं केलं. फॅरनहाइटच्या एकशे पंच्याऐंशी अंशांवर काटा थांबवायचा होता. मी वाफ सोडली, काटा चढू लागला, पंच्याऐंशीला टेकला तशी मी वाफ बंद केली. काटा थांबला नाही. नव्वदच्याही पुढे गेला. मी घाबरून वाफ पुरती मारून ठेवली, तेव्हा तो उतरायला लागला आणि उतरतच राहिला. पुन्हा वाफ, पुन्हा तेच. रसाचा रंग माझ्या डोळ्यांदेखत बदलला. "काट्याच्या मागे धावू नको!" नाना ओरडले. धावू नको तर काय करू, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. बोटीवर लाथा खाऊन ते शिकले होते.

मग वकील उभा राहिला. त्याने कॉकला हातच लावला नाही. आधी विचारलं, "नाना, वाफ बंद केल्यावर हा किती वर जातो?"

"बघ की."

त्याने एक कढई साध्या पाण्याची भरून मागितली. रस वाया घालवायचा नाही म्हणाला. थोडी वाफ सोडून बंद केली आणि काटा किती पुढे सरकतो ते बघत राहिला. पुन्हा सोडली, पुन्हा बंद केली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अरे, हा काटा आत्ताचं सांगतच नाही. मघाचं सांगतो. तळ तापलाय ते त्याला उशिरा कळतं." रसाची कढई आल्यावर त्याने काटा पंच्याऐंशीला पोचायच्या पुष्कळ आधी वाफ कमी केली, मग आणखी कमी केली. काटा हळूहळू आला आणि पाटावर बसल्यासारखा खुणेवर बसला. नाना म्हणाले, "ठीक."

ज्यांनी माझे वडील पाहिले नाहीत त्यांना या शब्दाची किंमत कळायची नाही. आई गरोदरपणात पाच कोसांवरून माहेरून चालत आली तेव्हा ते "ठीक" म्हणाले होते, असं ती सांगे. मला "हं" मिळे. चांगल्या कामाला "हं", वाईट कामाला काहीच नाही. वकिलाला पहिल्याच दिवशी ठीक मिळालं, आणि त्याला ते मिळाल्याचं कळलंसुद्धा नाही; तो कढईच्या काठाचा रस बोटाने चाटत होता.

तो कारखान्याच्या पडवीत झोपायचा आणि आमच्याकडे जेवायचा. आईने त्याला कधी परका मानला नाही. तिखल्यातला बांगड्याचा मधला तुकडा आधी माझ्या पानात पडायचा; तो हळूहळू तिकडे सरकला. "तू रोज खातोस रे," आई म्हणायची, "त्याची आई तिकडे पालीला." तो जेवायचाही असा की वाढणाऱ्याला सुख व्हावं. भाकरी मोडताना, कालवणाची वाटी उचलताना, कढी भुरकताना त्याचे मोठे कान हलायचे. माझा एक राखी कोट होता, मामाने मुंबईहून पाठवलेला. मला तो खांद्यांत ढगळ व्हायचा. एकदा मालक यायचे होते म्हणून वकिलाने तो मागून घेतला, आणि त्याला तो असा बसला की शिंप्याने त्याचंच माप घेतलं असावं. आई म्हणाली, "बघ, कसा साहेब दिसतोय." मी तो कोट पुन्हा घातला नाही.

मोसम सुरू होण्यापूर्वी सगळी उपकरणं तपासायची असत. नानांना सगळ्यात आवडायचं ते हे काम. दाबाची गेजं एका तेलाच्या नळीवर बसवून वर ठरावीक वजनं ठेवायची आणि काटा तेवढाच दाब दाखवतो का ते बघायचं. थर्मामीटर सगळे एका पातेल्यात उभे करायचे आणि मधे नानांचा थर्मामीटर ठेवायचा. त्याच्याशी ज्याचा जितका फरक, तितकी चिठ्ठी त्याच्या गळ्यात. नानांचा तो थर्मामीटर बोटीवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या इंजिनियरने निवृत्त होताना दिलेला; पाऱ्याचा, लांब, पितळी कोंदणातला. तो मखमल लावलेल्या पेटीत असे आणि नाना हात धुऊनच पेटी उघडत.

पहिल्याच वर्षी वकिलाने विचारलं, "आणि याला कोण तपासतं?"

"याला विलायतेत तपासलाय."

"कधी?"

"तुझ्या जन्माच्या आधी."

"मग नाना, म्हातारा झाला तो. आता त्याची साक्ष किती धरायची?"

त्या पेटीला मी लहानपणी नुसता हात लावला होता तर संध्याकाळपर्यंत उपाशी राहिलो होतो. आणि नाना हसले. मोठ्याने, तोंड उघडून हसले. नानांच्या मागच्या दाढेला सोनं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या मोसमात डबे फुगले. गोदामात आधी एक, मग ओळीने. एके दुपारी एक डबा फुटला आणि आंबलेल्या रसाचा भपका खाडीपर्यंत गेला. मुंबईला गेलेल्या मालातूनही तक्रार आली. नाना रात्रंदिवस कारण शोधत होते. झाकणं बसवणाऱ्या बायकांवर संशय घेतला; त्या रडल्या. गणपतीपुळ्याकडच्या बागेतून आलेला आंबा जास्त पिकला होता असं ठरवलं. तर चांगल्या बागेतल्या आंब्याचे डबेही फुगले. थर्मामीटर सगळे एकमेकांशी जुळत होते, तेव्हा तिकडे कोणी बघतच नव्हतं.

त्या दिवसांत पेटीतला थर्मामीटर पुसून ठेवायचं काम नानांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं होतं. पुसताना शेजारी बंबात पाणी खळखळत होतं. का कोण जाणे, मी तो त्यात धरला. पाणी फॅरनहाइटच्या दोनशे बारा अंशांवर उकळतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पारा दोनशे सोळावर जाऊन उभा राहिला. मी पुन्हा धरला. सोळा.

मी नानांना सांगितलं. ते गोदामात डबे मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "विहिरीला खार आहे. पाण्यात मीठ असलं की ते उशिरा उकळतं. एवढंही शिकला नाहीस?" नाना बरोबरच असणार, असं मला खरोखर वाटलं.

संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर बसलो असताना मी हे वकिलाजवळ बोललो. मनात दुसरं काही नव्हतं. नाना माझ्याशी कसे बोलतात, हे कोणाला तरी सांगायचं होतं. तो ताडकन उठला.

"चार अंश? खाऱ्या पाण्यानं चार अंश चढतात?"

"नाना म्हणाले."

"नाना काय म्हणाले ते कळलं रे. पाणी काय म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी त्याने मांडवीवरून कळशीभर समुद्राचं पाणी आणलं. सोडावॉटरच्या दुकानात मुंबईच्या बोटीने भुशात बांधलेला बर्फ यायचा; त्यातलं एक ढेकूळ विकत घेतलं. नानांना बोलावून म्हणाला, "नाना, तुमच्या साहेबाला जरा पिंजऱ्यात उभा करू का?" नानांनी हात धुतले आणि स्वतः पेटी उघडली. विहिरीचं पाणी दोनशे सोळावर उकळलं. समुद्राचं दोनशे सतरावर. "अख्ख्या समुद्राच्या मिठानं एक अंश," वकील म्हणाला, "मग आपल्या विहिरीत चार अंशांचं मीठ कुठून आलं?" मग वितळत्या बर्फात धरला. बत्तीस हवेत, छत्तीस निघाले. खाली चार, वर चार.

नाना खुर्चीवर बसले. भिंग मागितलं. पितळी कोंदणाच्या पट्टीआड, नेहमी झाकल्या जाणाऱ्या जागी, पाऱ्याचा धागा तुटला होता. केसाएवढी फट. कधीतरी हिसका बसला असेल. तेव्हापासून तो चार अंश जास्त सांगत होता, आणि कारखान्यातले सगळे थर्मामीटर त्याच्याकडून शिकलेले. एकशे पंच्याऐंशी समजून आम्ही एक्याऐंशीवर रस भरत होतो, टाकीही तितकीच थंड ठेवत होतो. सगळेच एकसारखे चुकत होते, म्हणून कोणाची चूक दिसत नव्हती.

"हे बाळूनं आधी पाहिलं, नाना," वकील म्हणाला. "कालच त्यानं तुम्हाला सांगितलं होतं."

नानांनी भिंगावरून डोळा काढला नाही. "हो?" ते म्हणाले. "मला नाही आठवत."

वकिलाने माझं श्रेय लाटलं असतं तर मी त्याचा मनापासून द्वेष केला असता आणि कधीतरी मोकळा झालो असतो. त्याने ते माझ्या पदरात घातलं, आणि वडिलांना ते दिसलंच नाही. हेव्याला इतकं चांगलं खत मी दुसरं पाहिलेलं नाही.

मालक पुढच्या बोटीने आले. नानांनी उभं राहून सांगितलं, "चूक माझ्या थर्मामीटरची, म्हणजे माझी. पोरांची नाही, बायकांची नाही." मालक माणूस वाईट नव्हता, पण नुकसान डोळ्यांसमोर होतं. नानांनी आता विश्रांती घ्यावी, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, बहुधा नानांचं मन राखायला, त्यांनी विचारलं, "तुमचा मुलगा आहे ना? त्याच्याकडे देऊ का?"

"मुलगा आहे," नाना म्हणाले. "पण कारखाना चालवायचा असेल तर वकिलाला द्या."

मी तिथेच होतो, दोन हातांवर. वकील म्हणाला, "नाना, असं नको." नाना म्हणाले, "विचारलं म्हणून सांगितलं. खोटं कशाला सांगू?" आणि पेटी काखेत मारून घरी चालू लागले.

अशा रीतीने मी वकिलाच्या हाताखाली आलो. तीन मोसम होतो. त्याने साहेबी कधी केली नाही, आणि त्याचाही मला राग यायचा. मी कढईवर उभा राहिलो की अजूनही कधी काटा पुढे जायचा, कधी मागे राहायचा. एके दिवशी तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तुझं काय होतं सांगू? काटा हलला की तू दाराकडे बघतोस. नाना आलेत का म्हणून. तेवढ्यात तुझा हात घाई करतो."

"नाना येतात कुठे आता?"

"तेच तर. ते येत नाहीत, तरी तू बघतोस."

मी त्याला शिवी दिली. तो हसत निघून गेला आणि त्या दिवसापासून त्याने माझ्या कढईकडे फिरकायचं सोडलं. मला एकट्याला सोडलं. दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, की सकाळपासूनच्या सगळ्या कढया खुणेवर बसल्यात आणि मी एकदाही दाराकडे पाहिलेलं नाही. आज जे थोडंफार मला येतं ते असं आलं. वडिलांकडून जे मिळायला हवं होतं ते मला वकिलाकडून मिळालं, आणि हेही त्याच्याच खात्यावर जमा झालं.

नाना संध्याकाळी कारखान्याकडे फेरी मारायचे ते वकिलाला भेटायला. दोघे पडवीत बसून गेजं उघडून बघत. नानांचा उजवा कान वकिलाकडे असायचा. मी जवळून गेलो की बोलणं थांबायचं नाही. थांबलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान माझ्याबद्दल बोलतायत असं समजता आलं असतं. माझं लग्न ठरलं तेव्हा नानांनी मुलीच्या बापाला सांगितलं, "वकिलाला विचारून तारीख धरतो, मोसमाचं त्याला ठाऊक." माझ्या बायकोने पहिल्याच महिन्यात मला विचारलं, "अहो, ते वकीलभावोजी तुमचे सख्खे भाऊ का?" मी म्हटलं, "सख्खे ते. मी चुलत."

मग कराचीकडच्या एका मोठ्या कारखान्यात त्याला जागा मिळाली. तिथे म्हणे गेजंच तपासायला वेगळी खोली होती आणि स्वतः कागदावर रेघ काढत जाणारी यंत्रं होती. हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. जायच्या दिवशी मांडवीला बोट खोल पाण्यात उभी होती. नाना धक्क्यावर आले. लहानपणी टायफॉइड झाला म्हणून मला मुंबईला न्यावं लागलं, तेव्हा नानांनी मला उंबऱ्यावरूनच निरोप दिला होता. निरोप द्यायला पुढे यायची त्यांची रीतच नव्हती. त्या दिवशी ते धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पडावाच्या होडीत चढले, बोटीपर्यंत गेले, शिडीशी त्याची ट्रंक स्वतः वर दिली आणि रिकाम्या पडावातून भिजून परत आले. मी छत्री घेऊन धक्क्यावर उभा होतो. "चला," एवढंच म्हणाले.

कारखाना माझ्याकडे आला. दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

दोन वर्षांनी, ऐन मोसमात, वकिलाच्या वाडीतला एक गडी आंब्याच्या गाडीबरोबर आला. त्याने सांगितलं, यशवंता गेला. कराचीला. न्यूमोनिया झाला, आठवड्यात आटोपला. तिकडच्या मंडळींनीच सगळं केलं.

मी घरी गेलो. नाना ओटीवर होते. त्यांच्या उजव्या कानाशी वाकून मला ते मोठ्याने सांगावं लागलं. अशी गोष्ट ओरडून सांगायची पाळी कोणावर येऊ नये. नानांचा चेहरा असा मोडला, की मी दुसरीकडे पाहिलं. आई आतून धावत आली. माझ्यासाठी हे असे रडतील का, हा विचार तेव्हाही माझ्या मनात येऊन गेला. येऊ नये म्हटलं तरी आला.

"पालीला जाऊ," नाना म्हणाले. "त्याच्या आईला भेटायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सर्व्हिस मोटारीने आम्ही पालीला उतरलो आणि वाडीपर्यंत चालत गेलो. त्याची आई अंगणात पेंढ्यात बांधलेल्या भाताच्या मुडीवर बसली होती. लहानखुरी, काळी, कान मात्र तेच. नाना तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि बसूनच म्हणाली, "तुमीच ना ते नाना?"

"होय."

"माझा पोर तुमी नेलात. गणपतीला आला तरी दीड दिवसात पळायचा. नाना वाट बघतायत, म्हणायचा. काकूच्या हातचं तिखलं, म्हणायचा. मी केलेलं काय वायट व्हतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "इथं मी बी वाट बघतच व्हते."

नानांना अर्धंच ऐकू आलं असेल, पण तेवढं पुरेसं होतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. ते मी वर्षानुवर्षं दाढी करताना आरशात बघत आलो होतो.

मी तिच्या शेजारी खाली बसलो. तिने विचारलं, "तू बाळू?" मी मान हलवली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सांग मग. तिकडं कसा व्हता माझा येशा? माझ्याकडं दीड दिवस असायचा. मला काय ठावं नाय."

आणि मी सांगायला लागलो. जेवताना त्याचे कान कसे हलायचे ते सांगितलं. ती हसली, म्हणाली, बापाचे पण हलायचे. तो गाताना सूर सोडायचा पण शब्द सोडायचा नाही. झाकणं बसवणाऱ्या बायकांना त्याने डबे फुगल्यावर एकेकीला घरी जाऊन सांगितलं होतं, तुमची चूक नव्हती. पावसात तो चपला हातात घेऊन चालायचा. राखी कोटात तो कसा दिसत होता, तेही सांगितलं. झोपेत तो डाव्या कुशीवर असायचा आणि मूठ गालाखाली घ्यायचा. सांगता सांगता मलाच नवल वाटलं, की मला एवढं कसं ठाऊक? पण हेवा करणाऱ्याइतकं बारीक कोणी बघत नाही. त्याची एकही गोष्ट मी नजरेतून सुटू दिली नव्हती. माया करणारी माणसं पुष्कळ सोडून देतात.

नाना खांबाला टेकून बसले होते, उजवा कान आमच्याकडे करून. एकदा मधेच म्हणाले, "त्या बायकांच्या घरी गेला होता? मला हे ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, "तुम्हाला पुष्कळ ठाऊक नाही, नाना." वडिलांशी असं मी कधी बोललो नव्हतो. ते रागावले नाहीत. "सांग ना मग," म्हणाले.

उन्हं कलली. परतीची शेवटची मोटार गाठायची तर निघायला हवं होतं. मी उठलो तसा म्हातारीने माझा सदरा धरला. "उद्या जा," ती म्हणाली. "अजून सांग."

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी पायातल्या वहाणा काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या होत्या.

आम्ही राहिलो.